आधी जन्मवेळ सांगा

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

नागपूरचा उन्हाळा सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय ठरलेले असतात, घामोळ्या आणि नवजात बाळाची कावीळ. या महिन्यात आलेली पाच पत्रं काविळीचीच आहेत, म्हणून घामोळ्यांना पुढच्या अंकात जागा देते.

या शहरात २६ वर्षं लहान मुलं तपासते आहे. पिवळं बाळ घेऊन आलेल्या घरच्यांना बिलीरुबिनचा, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा तोंडपाठ असतो. "मॅडम, चौदा आली हो कावीळ!" मग मी विचारते, रक्त घेतलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं? इथे सगळे एकमेकांकडे बघतात. खरं तर पत्रिकेसाठी आपण जन्मवेळ मिनिटासकट लिहून ठेवतो. तोच कागद मला हवा असतो. वेळेशिवाय या काविळीचा आकडा वाचता येत नाही, आणि खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

प्रश्न : माझं पहिलं बाळ, ३९ आठवडे पूर्ण होऊन मंगळवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी झालं. वजन २ किलो ९००. गुरुवारी संध्याकाळी सुटी झाली. शुक्रवारी सकाळी दहाला रक्त तपासलं तर बिलीरुबिन १४.२. डॉक्टर म्हणाले, पेटीत ठेवायची गरज नाही, रविवारी पुन्हा दाखवा. सासूबाई म्हणतात, रोज सकाळी उन्हात ठेव, सगळी मुलं अशीच बरी झाली. मला दोन्ही बाजूंनी भीती वाटते. (एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, तुम्ही जन्मवेळ लिहिलीत त्याबद्दल आधी धन्यवाद. रक्त घेतलं तेव्हा बाळ ७८ तासांचं होतं. पूर्ण दिवसांचं, दूध ओढणारं, रक्तगटाची अडचण नसलेलं बाळ असेल तर या वयाला १४ वर बहुतेक वेळा नुसती नजर ठेवतात. हाच १४ चा आकडा २० तासांच्या बाळाचा असता तर मी त्याला त्याच मिनिटाला पेटीतल्या निळ्या लाईटखाली घेतलं असतं. ३५ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाची मर्यादा आणखी खाली असते. आमच्याकडे यासाठी तासांप्रमाणे चढत जाणारा आलेख असतो, त्यावर बाळाचा ठिपका कुठे पडतो ते बघून ठरवतात. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतंय. हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत बाळ महिन्याचं झालेलं असेल, पण तुमची भीती पुष्कळ आयांची आहे.

हे पिवळेपण येतं कुठून? पोटात असताना बाळाला ऑक्सिजन आईच्या रक्तातून, जेमतेम मिळतो. म्हणून त्याच्याकडे लाल पेशी भरपूर असतात. मोठ्या माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, नवजात बाळाची ७० ते ९० दिवस. पेशी तुटली की तिच्यातून बिलीरुबिन हे पिवळं द्रव्य निघतं. नऊ महिने ते वारेतून आईकडे जात होतं आणि आईचं यकृत ते बाहेर टाकत होतं. नाळ कापली की हे काम बाळाच्या कोवळ्या यकृतावर येतं, आणि त्यासाठी लागणारं एन्झाइम तिथे अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या १० पैकी सुमारे ६ आणि अपुऱ्या दिवसांच्या १० पैकी सुमारे ८ बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपण दिसायला लागतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात चढतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. घरात पाचवीची पूजा असते, पाहुणे बाळाला हातोहात फिरवत असतात, नेमकी तेव्हाच कावीळ शिखरावर असते. म्हणून तुम्हाला रविवारी दाखवायला सांगितलं होतं. अशी फेरी कोणीच चुकवायची नाही.

आता ऊन. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्याचा कण आहे, आणि तो कुठून आला ते सांगायला मला आवडतं. १९५६ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हवेशीर अंगणात नेत असत. एका बाळाचं अंग उजळलेलं होतं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी भाग तसाच पिवळा राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला. पुढे १९५८ मध्ये क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाशावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आजची फोटोथेरपी त्या चादरीच्या कोपऱ्यातून आली. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलीरुबिनचा आकार बदलतो. बदललेलं बिलीरुबिन यकृताच्या मदतीची वाट न बघता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं.

मग ऊन का नको? उन्हात हा निळा भाग असतो, पण त्याच्यासोबत कातडी भाजणारे अतिनील किरण आणि उष्णताही असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी आठचं ऊनही चार दिवसांच्या बाळाच्या अंगातलं पाणी ओढतं. डिसेंबरात उलट होतं, बाळ उघडं ठेवलं तर गार पडतं, म्हणून टोपी, झबलं, दुपटं घालून ठेवतात आणि ऊन फक्त नाकाला लागतं. नायजेरियात उन्हाच्याच उपचाराचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पण तिथे अतिनील किरण आणि उष्णता गाळणारा खास पडदा होता, बाळ रोज कित्येक तास त्याखाली असायचं आणि नर्स त्याचं तापमान मोजत होत्या. आपल्या बाल्कनीत तसं काही होत नाही.

मला खरी भीती वाटते ती उन्हावर भरवसा ठेवून वाया जाणाऱ्या दिवसांची. मी निवासी डॉक्टर असताना रात्री अकराला सात दिवसांचा एक मुलगा आला. तळपायापर्यंत पिवळा, आवाज चिरका, पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली. एका प्रसूतिगृहातून घरी सोडताना "थोडं पिवळं आहे, उन्हात ठेवा" एवढंच सांगितलं होतं. आईने पाच दिवस ते नेमाने केलं. तिचं काय चुकलं? तिला जे सांगितलं तेच तिने केलं. आम्ही रात्रभर त्याचं रक्त बदललं, पण तोवर बिलीरुबिन मेंदूत उतरलं होतं. एकदा तिथे इजा झाली की ती भरून येत नाही. तो मुलगा आता मोठा झालाय. त्याची बुद्धी शाबूत आहे, डोळ्यांत हसतो, मला ओळखतो. हात त्याचं ऐकत नाहीत आणि कानांना नीट ऐकू येत नाही. हे टाळता आलं असतं. दोन दिवस आधी लाईटखाली ठेवलं असतं तरी पुरलं असतं. म्हणून उन्हाच्या प्रश्नावर माझं उत्तर कधी अर्धं नसतं: नको.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या काळी रक्त तपासायची सोय घराजवळ नव्हती. आज आहे.

प्रश्न : माझी सून माहेरी न जाता आमच्याकडेच बाळंत झाली. नात पिवळी दिसते. तपासणीत ११ आली. आमच्या बागेतली संत्री सुनेने शेवटच्या महिन्यात रोज खाल्ली, त्याने झालं का? वरणातली हळद बंद केली आहे. शेजारीण म्हणते अंगावरचं दूध दोन दिवस तोड, ग्लुकोजचं पाणी दे आणि काविळीची माळ घाल. (एक आजी, काटोल)

उत्तर : काकू, काटोलच्या संत्र्याला या प्रकरणातून आधी मोकळं करते. संत्र्याचा, हळदीचा, पिवळ्या साडीचा बिलीरुबिनशी काही संबंध नाही. वरणात हळद घाला, सुनेला पोटभर जेवू द्या आणि संत्रीही खाऊ द्या.

दूध मात्र अजिबात तोडू नका. बिलीरुबिन मुख्यतः शीमधून बाहेर जातं. पहिली काळी, चिकट शी आतड्यात पडून राहिली तर तिच्यातलं बिलीरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. ती शी लवकर सरकवायला चिकासारखं दुसरं काही नाही. ग्लुकोजच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, शी कमी होते आणि कावीळ वाढते. मध आणि घुटीही नको. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर दूध पुरत नाहीये असं समजा. मग डबा आणू नका, बाळ छातीला नीट लागतंय का ते नर्सकडून बघून घ्या. पुष्कळदा आई पाठ टेकून सरळ बसली, बाळाचं पोट आपल्या पोटाशी घेतलं आणि त्याच्या तोंडात नुसतं टोक न देता भोवतीचा काळा भागही दिला की दोन दिवसांत फरक पडतो.

आणखी एक, बाळ फार शांत आहे म्हणून कौतुक करत असाल तर जरा थांबा. "किती शहाणी गं, रडतच नाही" असं म्हणत असताना ती काविळीने सुस्तावलेली असू शकते. दुधाच्या वेळेला तळपाय चोळूनही जागी होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

माळेबद्दल. ती ओल्या देठांची, सैल गाठींची असते. देठ वाळतात, गाठी सरकतात आणि माळ लांबते. दोन आठवड्यांत साधी कावीळ आपोआपही उतरते, म्हणून दोन्हींची गाठ घातली जाते. माळ गळ्यात असलेल्या बाळाची कावीळ चढत असली तरी माळ लांबतच राहील. तान्ह्या बाळाच्या गळ्यात फास बसेल असं काहीही मला नको आहे. डागण्याचं कोणी नाव काढलं तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मोठ्या नातवाची झबली पेटीतून काढली. पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या का? काही बाळांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलग्यांत जास्त वेळा. अशा बाळाला या गोळ्यांच्या वासाचे कपडे घातले तर पेशी भराभर फुटतात आणि कावीळ उसळी मारते. झबली धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच घाला. ऊन इथे जरूर वापरा.

आणि ११ कितव्या तासाची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते. पत्रिकेच्या कागदाशेजारी तो रिपोर्ट ठेवून डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

प्रश्न : आमचं बाळ १६ तासांचं असतानाच पिवळं दिसलं आणि त्याला लगेच पेटीत ठेवलं. बायकोचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, बाळाचा बी पॉझिटिव्ह. आमच्या रक्तात दोष आहे का? डोळ्यांवर पट्टी बांधतात, त्याने नजर जाईल का? घरी निळा बल्ब लावून चालेल का? (एक वडील, कामठी)

उत्तर : दादा, पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ आम्ही कधीच साधी धरत नाही. ज्यांनी १६ व्या तासाला ओळखलं त्यांनी तुमच्या बाळाचं फार भलं केलं.

दोष कोणाचाच नाही. ओ गटाच्या आईच्या रक्तात ए आणि बी गटाविरुद्धचे प्रतिपिंड असतात. त्यातले काही वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या पेशी फोडतात. हे पहिल्या बाळालाही होतं, बहुतेकदा प्रकाशाने आटोक्यात येतं, पुढच्या बाळालाही होऊ शकतं. म्हणून पुढच्या वेळी जन्मल्याबरोबर रक्तगट तपासायला सांगा. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रकरण याहून गंभीर होऊ शकतं. पण त्यावर प्रतिबंध आहे, गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्याला आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. गर्भपात झाला तरी ते घ्यावं लागतं, आणि ते सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. ज्या घरात आई निगेटिव्ह आहे त्यांनी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी.

पट्टी डोळ्यांना त्या प्रखर प्रकाशापासून वाचवण्यासाठीच असते. पाजताना ती काढतात, तेव्हा बाळ आईकडे बघू दे. शी पातळ, हिरवट होईल, अंगावर बारीक पुरळ येईल, दोन्ही जाईल. घरचा निळा बल्ब मात्र नको. त्याचा रंग निळा असला तरी प्रकाशाची ताकद ठरावीक अंतरावर मोजलेली नसते, बाळाचं तापमान कोणी बघत नसतं आणि आकडा कुठे चाललाय ते कळत नाही. लाईट बंद केल्यावर तुमच्यासारख्या बाळात कावीळ पुन्हा वर येऊ शकते, म्हणून एकदा परत रक्त तपासून घ्या. एकदा लाईटखाली राहिलेल्या बाळाची कातडी उजळते, तिच्यावरून अंदाज बांधता येत नाही.

सिकलसेलबद्दलही तुम्ही विचारलंय. आपल्या विदर्भात ही शंका रास्तच आहे, पण नवजात बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असल्याने सिकलसेलचा त्रास सहसा काही महिन्यांनी दिसतो. घराण्यात कोणाला असेल तर बाळाची तपासणी जरूर करा, या काविळीचं कारण मात्र ते नसावं.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. घरी भेट देते तेव्हा बाळ अंधाऱ्या खोलीत गुंडाळलेलं असतं. यंत्राशिवाय कावीळ किती आहे हे कसं ओळखू? कधी पाठवू? (रामटेक तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण या साखळीत सगळ्यात आधी बाळापर्यंत पोचता तुम्ही.

बाळाला खिडकीपाशी किंवा दारात, दिवसाच्या उजेडात आणा. पिवळ्या बल्बखाली किंवा पिवळ्या दुपट्यावर बघू नका. सगळे कपडे काढा. कपाळ, छाती, मांडी, तळपाय असं बोटाने हलकं दाबा आणि बोट उचलताच त्या जागेचा रंग बघा. कावीळ चेहऱ्यापासून पायांकडे उतरत जाते. सावळ्या बाळात त्वचा फसवते, तिथे हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पण डोळ्यांनी आकडा सांगता येत नाही, मलाही येत नाही. "मला वाटतं थोडीच आहे" असं मी कधी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. तुमचं काम आहे की नाही एवढं ओळखायचं आणि मोजायला पाठवायचं.

पहिल्या दिवशी पिवळं, तळहात-तळपाय पिवळे, दूध ओढत नाही, उठवून उठत नाही, रडणं चिरकं, अंग ताठ किंवा मागे वाकलेलं, ताप, अंग गार: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, किंवा ज्याच्या मोठ्या भावंडाला लाईटखाली ठेवावं लागलं होतं असं बाळ, थोडं पिवळं असलं तरी पाठवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. हे घरच्यांना तुम्हीच ठासून सांगा, कारण "पैसे किती लागतील" या प्रश्नापाशी कित्येक तास जातात.

रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर तुमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. तिसऱ्या आणि सातव्याच्या मध्ये चार दिवसांची फट आहे, आणि कावीळ नेमकी त्या फटीत चढते. नियमात नसलं तरी माझी विनंती आहे, पाचव्या दिवशी एक फोन करा. दूध पितंय का, किती लंगोट ओले झाले, पिवळेपण पोटाखाली उतरलं का, हे तीनच प्रश्न विचारा. नवजात बाळांचे किती जीव अशा फोनवर तरतात ते मी पाहिलंय.

प्रश्न : माझी मुलगी ३५ दिवसांची आहे. डोळे अजून पिवळे. बिलीरुबिन ९.६. सगळे म्हणतात अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, जाईल. (एक आई, नंदनवन)

उत्तर : या पत्राला मी अंकाची वाट बघितली नाही, त्याच दुपारी पत्रातल्या नंबरवर फोन केला. कारण पत्रात शीचा रंग लिहिलेला नव्हता.

दोन आठवड्यांनंतर, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तीन आठवड्यांनंतर, टिकलेल्या काविळीत बिलीरुबिनचे दोन भाग वेगळे मोजावे लागतात. अंगावरच्या दुधाची कावीळ असते हे खरं. ती दोन-तीन महिनेही रेंगाळते, बाळ धष्टपुष्ट असतं आणि दूध सुरूच ठेवायचं असतं. पण क्वचित एखाद्या बाळात पित्तनलिका बंद होत गेलेली असते. तेव्हा पित्त आतड्यात उतरत नाही, शी चुन्यासारखी किंवा भिजवलेल्या मातीसारखी फिकट होते, लघवी गडद होऊन लंगोटाला डाग पडतात. जपानी शल्यचिकित्सक कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया त्यावर आहे, आणि ती बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. हे बाळ बाहेरून बरंच वाटतं, हसतं, दूध पितं, म्हणून दिवस निघून जातात. ३५ व्या दिवशी हातात फक्त २५ दिवस उरलेले असतात.

फोनवर आईने सांगितलं, शी मोहरीसारखी पिवळी आहे. मला हायसं वाटलं, तरी दुसऱ्या दिवशी बोलावून तपासणी केली. डायरेक्ट बिलीरुबिन, म्हणजे पित्त अडलं की वाढणारा भाग, फक्त ०.४ आलं, थायरॉइड व्यवस्थित, लघवीत जंतू नाहीत. मुलीचं वजन जन्मापासून १ किलो १०० ग्रॅमने वाढलंय. दूध चालू ठेवायला सांगितलं आहे, आणि शीचा रंग रोज बघायला. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येणार आहे.